मिस्सेचे थेट प्रक्षेपण पुढे चालू ठेवावे का, आणि ठेवायचे तर कसे?

वास्कोवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा वसईचा, नोकरीनिमित्त वास्कोला आलो आणि आता इथलाच झालो आहे. आमच्या चर्चच्या पॅस्टरल कौन्सिलने (फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळाने) मिस्सेच्या (कॅथलिक चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासनेच्या) ऑनलाइन प्रक्षेपणाबाबत एक टिपण तयार करण्याचे काम आम्हा तिघांवर सोपवले आहे. त्यासाठी या मंचावरील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे सार्वजनिक मिस्सा थांबल्या, तेव्हा आमच्याकडेही इतर अनेक ठिकाणांप्रमाणे एक मोबाइल तिपाईवर लावून प्रक्षेपण सुरू झाले. त्या दिवसांत त्याने फार मोठा आधार दिला. पुढे चर्चची दारे उघडली, लोक परत आले, पण रविवारचे प्रक्षेपण तसेच चालू राहिले. ते का चालू आहे, कोणासाठी आहे आणि कसे असावे, यावर बसून कोणी विचार केला नाही. आता कौन्सिलमध्ये दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की धडधाकट माणसे घरी बसून मिस्सा ‘पाहतात’ आणि तेवढ्याने रविवारी मिस्सेला जाण्याचे कर्तव्य पार पडले असे मानतात, म्हणून प्रक्षेपण बंदच करावे. इतरांचे म्हणणे असे की अंथरुणाला खिळलेल्या, आखातात राहणाऱ्या आणि जहाजावर असलेल्या आपल्या माणसांना आपण अशा प्रकारे तोडू शकत नाही.

मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या बाबतीत ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका नेमकी काय आहे? मिस्सा फक्त थेट दाखवावी, की तिचे रेकॉर्डिंगही चॅनेलवर राहू द्यावे? आवाजाचे काय करावे? आमचे चर्च जुने आहे, छत उंच आहे, गायकवृंद मागच्या माळ्यावर असतो आणि घरी बसलेल्यांना फादरांच्या प्रवचनातले निम्मे शब्दही नीट कळत नाहीत. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: घरी असलेला माणूस केवळ प्रेक्षक न राहता उपासनेत सहभागी व्हावा, यासाठी धर्मग्राम (एका चर्चचा समुदाय) म्हणून आपण काय करू शकतो?

जुनेगोवेकर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण कौन्सिलमधील वादाचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते.

मिस्सा प्रक्षेपित करणे ही महामारीत निघालेली गोष्ट नाही. 1948 च्या नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधून दूरचित्रवाणीवर दाखवली गेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज आणि सामाजिक संपर्क माध्यमांविषयीचा दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर केले. उपासनेविषयीच्या दस्तऐवजाचा 20 वा परिच्छेद सांगतो की पवित्र विधींचे, विशेषतः मिस्सेचे, रेडिओ वा दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण तारतम्याने आणि विधीची प्रतिष्ठा राखून व्हावे आणि त्याची धुरा बिशपांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीकडे असावी. म्हणजे ख्रिस्तसभेने प्रक्षेपणाला नकार दिलेला नाही, पण ते कुणीही कसेही करावे असेही तिला मान्य नाही. आपल्या धर्मग्रामात ही जबाबदारी फादरांच्या संमतीने एका ठरावीक व्यक्तीकडे आहे का, हे टिपणात आधी लिहा. ज्या दिवशी ज्याच्याकडे फोन असेल त्याने तो लावायचा, ही पद्धत या परिच्छेदाशी जुळत नाही.

आता कर्तव्याचा प्रश्न. धर्मसंहितेचा (ख्रिस्तसभेच्या कायद्याचा) 1248 वा नियम म्हणतो की रविवारी किंवा सणाच्या दिवशी, अथवा आदल्या संध्याकाळी, कॅथलिक विधीनुसार होणाऱ्या मिस्सेत जो सहभागी होतो त्याने आपले कर्तव्य पूर्ण केले. हा सहभाग प्रत्यक्ष उपस्थितीचा आहे. पडद्यावर मिस्सा पाहिल्याने ते कर्तव्य पूर्ण होत नाही. मात्र जो आजारी आहे, जो तान्ह्या बाळाची किंवा रुग्णाची काळजी घेतो आहे, त्याला ते कर्तव्य मुळात लागूच होत नाही. तेव्हा आपल्या कौन्सिलमधील दोन्ही बाजू दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत आहेत. धडधाकट माणसाला प्रक्षेपण चर्चला जाण्यापासून मोकळे करत नाही आणि आजाऱ्याच्या बाबतीत ते कोणत्याही कर्तव्याची भरपाई करत नाही, त्याला ते प्रार्थनेसाठी आधार देते. हे दोन्ही धर्मगुरूंनी वेदीवरून, प्रक्षेपण चालू असताना, स्पष्ट शब्दांत सांगितले तर मला वाटते अर्धा वाद मिटेल. प्रक्षेपण बंद केल्याने घरी बसणारा धडधाकट माणूस चर्चमध्ये येईलच याची खात्री नाही, पण आजारी माणसाचा आधार मात्र नक्की जाईल.

2020 मध्ये रोममधून जे निर्णय आले तेही पाहण्यासारखे आहेत. पवित्र सप्ताहाबाबत 25 मार्च 2020 च्या आदेशात म्हटले होते की विधींच्या वेळा भाविकांना कळवाव्यात, म्हणजे ते घरून प्रार्थनेने सहभागी होऊ शकतील, आणि यासाठी थेट प्रक्षेपण उपयोगी ठरू शकते. तिथे ‘रेकॉर्ड केलेले नव्हे’ असे वेगळे नमूद केले होते. त्याच वर्षी 15 ऑगस्ट ही तारीख असलेले रोममधील उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांचे पत्र पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने जगभरच्या बिशप परिषदांना गेले. त्यात आजारी आणि येऊ न शकणाऱ्या लोकांसाठी प्रक्षेपणाने केलेल्या सेवेची कदर केली आहे आणि त्याचबरोबर कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी करू शकत नाही असे ठामपणे म्हटले आहे. स्वतः पोप फ्रान्सिस यांनी 9 मार्चपासून आपली रोजची सकाळची मिस्सा थेट दाखवली. इटलीत लोकांसह मिस्सा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा 18 मेच्या मिस्सेनंतर त्यांनी ते रोजचे प्रक्षेपण थांबवले. त्याआधी, 17 एप्रिलच्या प्रवचनात, लोक आणि संस्कार यांच्यापासून तुटलेल्या, केवळ पडद्यावरच्या ख्रिस्तसभेचा धोका त्यांनी बोलून दाखवला होता. महाजालावर संस्कार होत नाहीत, ही भूमिका तर व्हॅटिकनच्या इंटरनेटविषयीच्या 2002 च्या दस्तऐवजापासून स्पष्ट आहे. म्हणून कबुलीजबाब फोनवर वा व्हिडिओ कॉलवर होऊ शकत नाही. हे टिपणात लिहायला विसरू नका, कारण वृद्ध मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात.

रेकॉर्डिंगबाबत माझे मत असे आहे की पूर्ण मिस्सा चॅनेलवर कायम ठेवू नये. मिस्सा ही त्या क्षणी, त्या समुदायाने केलेली कृती आहे. बुधवारी दुपारी कामे करता करता रविवारची मिस्सा लावली, मध्येच थांबवली, प्रवचन वगळून पुढे गेले, असे होऊ लागले की तिचे स्वरूपच बदलते. प्रवचन मात्र वेगळे काढून जरूर ठेवावे.

दर्यावर्दीचे घर

जुनेगोवेकर यांनी जे लिहिले आहे ते वाचून अनेक गोष्टी स्पष्ट झाल्या. पण रेकॉर्डिंगविषयी मला माझी बाजू मांडायची आहे.

माझे माहेर सावंतवाडीचे, सासर सासष्टीतले. यजमान तारवटी आहेत, वर्षातले बरेच महिने जहाजावर असतात. जहाजावर धर्मगुरू नसतो, रविवार कामाच्या पाळीत कुठेतरी हरवतो आणि उपग्रहावरून मिळणारा डेटा इतका मोजका असतो की व्हिडिओ सुरू होण्याआधीच संपतो. गोव्यात मिस्सा चालू असते तेव्हा ते पाळीवर असले, तर थेट प्रक्षेपणाचा त्यांना काहीच उपयोग नाही. माझ्या सासऱ्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांना उतरून येणे शक्य नव्हते. मयताच्या मिस्सेचा फक्त आवाज मी त्यांना फोनवरून ऐकवला. नंतर चर्चमधल्या एका मुलाने ते संपूर्ण रेकॉर्डिंग कमी आकाराचे करून पाठवले, ते त्यांनी बंदराला लागल्यावर पाहिले. आपल्या वडिलांना मातीत ठेवताना कोणती गाणी म्हटली गेली, फादर काय बोलले, शेजारचे कोण कोण आले होते, हे एका मुलाला कळणे किती मोलाचे आहे हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

वेळेचाही विचार व्हावा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, कुवेत अडीच तास आणि ब्रिटन हिवाळ्यात साडेपाच तास. आपली सकाळी सातची मिस्सा सुरू होते तेव्हा ब्रिटनच्या स्विंडन शहरातल्या आपल्या गोंयकारांकडे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. अर्थात तिथे राहणाऱ्यांना त्यांच्या गावात चर्च आहे, रविवारी ते तिथे जाऊ शकतात आणि त्यांनी जावे. त्यांना आपल्याकडची रविवारची मिस्सा हवी असते असे मला वाटत नाही. त्यांना गावचे फेस्त (चर्चचा वार्षिक सण) हवे असते, घरातले मयत, लग्न, भाचीचे पहिले कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद घेणे) हवे असते. तेव्हा रविवारची मिस्सा थेट दाखवून काढून टाकली तरी चालेल, पण कुटुंबाच्या प्रसंगांचे रेकॉर्डिंग, चॅनेलवर सर्वांना न दिसता केवळ दुवा असलेल्यांनाच दिसेल अशा रीतीने, कुटुंबाला मिळावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि जहाजांवरच्या लोकांसाठी निव्वळ आवाजाची एखादी छोटी फाइल करता आली तर फार बरे होईल.

जुनेगोवेकर

आपला मुद्दा मला पूर्णपणे पटतो. ज्याला कोणतीही मिस्सा उपलब्धच नाही अशा तारवट्याला तिचा आवाज उशिरा का होईना मिळावा. रोमच्या आदेशातील ‘थेट’ हा शब्द एका विशिष्ट परिस्थितीसाठी होता आणि मयताच्या मिस्सेची आठवण कुटुंबाकडे असण्याला तो आड येत नाही. रविवारची मिस्सा त्या दिवसापुरती ठेवून रात्री चॅनेलवरून काढून टाकावी आणि कौटुंबिक विधींचे रेकॉर्डिंग फक्त कुटुंबाकडे जावे, अशी विभागणी टिपणात सुचवता येईल. फेस्ताविषयीही आपले म्हणणे रास्त आहे. 2020 मध्ये जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि 3 डिसेंबरचे फेस्त लोकांना घरूनच पाहावे लागले, तेव्हा परदेशातील किती गोमंतकीय त्या निमित्ताने एकत्र प्रार्थनेला बसले हे मी आमच्याच नातेवाइकांत पाहिले आहे.

मडगावचा ध्वनिवाला

मी चर्च आणि कार्यक्रमांसाठी ध्वनिव्यवस्था करतो. वास्कोवासींनी जे वर्णन केले आहे तशी अवस्था बहुतेक जुन्या चर्चमध्ये असते. लोक आधी चांगला कॅमेरा घेण्याचा विचार करतात. माझा आग्रह असा की जे काही पैसे असतील ते आधी आवाजावर खर्च करा. चित्र थोडे धूसर असले तरी माणूस प्रार्थना करू शकतो, पण शब्द कळले नाहीत तर तो दहा मिनिटांत उठतो.

अडचण कुठून येते ते सांगतो. फोनचा माइक फादरांचा आवाज थेट ऐकत नाही, तो त्या प्रचंड वास्तूत घुमून आलेला आवाज ऐकतो. जाड भिंती, फरशी आणि उंच छत यांवरून आवाज परतून येत राहतो, म्हणून पुढचा शब्द येतो तेव्हा मागचा अजून हवेतच असतो. चर्चमध्ये बसलेला माणूस समोर पाहत असल्याने त्याचे कान आणि मेंदू हा गोंधळ बराचसा निस्तरतात. घरच्या छोट्या स्पीकरवर ते होत नाही. उपाय असा की चर्चच्या मिक्सरमधून ‘ऑक्स’ची (मुख्य आउटपुटखेरीजच्या जोडणीची) वेगळी तार काढून ती ऑडिओ इंटरफेसमार्फत (आवाज संगणकात घेणाऱ्या यंत्रामार्फत) संगणकात न्यावी. इथे अनेक जण मिक्सरचा मुख्य आउटपुटच देतात. तसे करू नये, कारण चर्चमध्ये गायकवृंदाचा आवाज आपोआप भरपूर पोहोचतो, म्हणून मिक्सरवर तो अगदी कमी ठेवलेला असतो. तोच समतोल घरी गेला तर गाणी दूरच्या खोलीतून यावी तशी ऐकू येतात. ऑक्सवर घरासाठी वेगळा समतोल करता येतो. मिक्सर आणि संगणक वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर असतील तर गुणगुण येते, तेव्हा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असे बघा, कारण प्रवचन हळू आणि ‘आलेलुया’ जोरात, असेच नेहमी असते.

याच्या जोडीला लोकांचा आवाज हवाच. नुसता फादरांचा माइक दिला तर घरी असे वाटते की फादर रिकाम्या चर्चमध्ये एकटेच बोलत आहेत. लोकांचे प्रतिसाद, एकत्र म्हटलेली ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ ही प्रार्थना, बाके सरकल्याचा, सर्व जण उभे राहिल्याचा आवाज, हे घरच्या माणसाला समुदायात बसवते. त्यासाठी मध्यभागाच्या वर दोन माइक लोकांच्या दिशेने टांगावेत आणि त्यांची पातळी प्रतिसादांच्या वेळी वाढवावी. पावसाळ्यात जोराची सर आली की हे माइक खाली करायला कोणीतरी मिक्सरवर हजर असावे लागते. प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमधील ‘गोंगाट कमी करा’ ही सोय गायनाच्या वेळी कटाक्षाने बंद ठेवा, कारण ती व्हायोलिन आणि ऑर्गनचे लांब सूर गोंगाट समजून खाऊन टाकते. चित्र आणि आवाज मागेपुढे होत असतील तर आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि तो फरक सॉफ्टवेअरमध्ये भरा. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. एकच कॅमेरा, स्थिर, माळ्यावरून किंवा बाजूच्या खांबापाशी, वेदी आणि वाचनपीठ दोन्ही दिसतील असा. वेदीच्या पायऱ्यांवर कोणीही कॅमेरा घेऊन चढू नये. आपल्या जुन्या चर्चमध्ये वेदीमागे सोनेरी कोरीवकाम असते, त्यावर दिवे लागले की कॅमेरा आपोआप प्रकाश कमी करतो आणि फादरांचा चेहरा काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर हाताने बांधून ठेवा.

इंटरनेटसाठी 720 पी चित्राला 3 एमबीपीएसच्या आसपास अपलोड लागतो. प्रत्यक्षात निदान दुप्पट मिळत असेल तरच निर्धास्त राहा, आणि वायफायऐवजी तार वापरा. मोबाइल डेटा पर्याय म्हणून ठेवा, पण फेस्ताच्या दिवशी त्यावर विसंबू नका, कारण आवारात हजारो फोन एकाच मनोऱ्यावर असतात. नवे चॅनेल असेल तर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू करण्याची परवानगी मागितल्यावर 24 तासांपर्यंत थांबावे लागते. ते फेस्ताच्या सकाळी लक्षात येऊ नये. आणि वीज! इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात राउटर आणि संगणक पुन्हा सुरू होतात आणि प्रक्षेपण तुटते. संगणक, राउटर, फायबरची डबी आणि मिक्सर ही चारही यंत्रे एका यूपीएसवर असली पाहिजेत. तीन यूपीएसवर आणि एक साध्या बोर्डावर असेल तर काहीच साधत नाही.

वास्कोवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ऑक्सची वेगळी तार आणि लोकांकडे रोखलेले माइक हे दोन्ही टिपणात घेतो. आता माझा शेवटचा प्रश्न उरतो. आमच्याकडे प्रक्षेपण पाहणाऱ्यांची संख्या दिसते, पण त्यात आमच्या वाड्यावरची अंथरुणाला खिळलेली आजी आहे की कोणी सहज डोकावून गेले, हे कळत नाही. घरच्या माणसाला समुदायाशी जोडण्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का?

फोंड्याची सेविका

मी आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणारी सेविका आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूने पाहते. दर आठवड्याला मी ज्या घरांत जाते तिथे मिस्सा कशी पाहिली जाते हे मला दिसते.

आमच्याकडे काय केले ते सांगते. आधी प्रत्येक वाड्यावरच्या छोट्या ख्रिस्ती समुदायांच्या प्रमुखांनी घरोघरी जाऊन, खरोखरच चर्चला येऊ शकत नाहीत अशा माणसांची यादी केली. ही यादी फादरांकडे आणि सेवकांकडेच असते. त्यातील नावे प्रक्षेपणात कधीही वाचली जात नाहीत, कारण कोणाच्या घरात कोण आजारी आहे आणि एकटे आहे हे साऱ्या जगाला सांगणे बरोबर नाही. मग एक गोष्ट ठरवली: आजाऱ्यांचा ख्रिस्तप्रसाद रविवारीच, प्रक्षेपित होणाऱ्या मिस्सेनंतर लगेच जाईल. पूर्वी तो सवडीप्रमाणे आठवड्यात कधीतरी जात असे. आता कम्युनियननंतर फादर आम्हा सेवकांना वेदीपाशी बोलावतात, पवित्र डबी हातात देतात, समुदायासमोर आम्हाला पाठवतात आणि हे सारे कॅमेऱ्यात दिसते. घरी बसलेली आजी मला वेदीवरून निघताना पाहते आणि थोड्या वेळाने मी तिच्या दारात असते. तिने नुकतेच ऐकलेले शुभवर्तमान, नुकतेच म्हटलेले प्रतिसाद आणि तिच्या हातात आलेला ख्रिस्तप्रसाद हे एकाच मिस्सेतले असतात. माझ्या मते प्रक्षेपण चालू ठेवण्याचे याहून मोठे कारण नाही, आणि जिथे यामागून कोणी दारापर्यंत जात नाही तिथे नुसते प्रक्षेपण अपुरे आहे.

घरच्यांना काही गोष्टी सांगाव्या लागतात. टीव्हीशेजारी छोट्या मेजावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. शक्य असेल त्याने उभे राहावे, गुडघे टेकावेत, ज्याला शक्य नाही त्याने निदान प्रतिसाद मोठ्याने म्हणावेत. मिस्सा चालू असताना स्वयंपाकघरातून फेऱ्या मारू नयेत. ज्या रविवारी आम्ही पोहोचू शकत नाही त्या रविवारी आध्यात्मिक कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद मनाने ग्रहण करण्याची) प्रार्थना म्हणावी. संत अल्फोन्सस लिगोरी यांची प्रार्थना आम्ही मोठ्या अक्षरांत छापून दिली आहे, कारण पडद्यावर येणारी अक्षरे वृद्धांना वाचता येत नाहीत. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे शेजारच्या एखाद्या कुटुंबातील मुलाने बसावे, ज्याची स्वतःची मिस्सा आदल्या संध्याकाळी झाली असेल. फोन लावून देण्यासाठी त्याची गरज असतेच, पण खरी गरज सोबत प्रतिसाद देणाऱ्याची असते.

प्रक्षेपणाखाली लिहिण्याची सोय आम्ही बंद ठेवली आहे. त्याऐवजी दुपारी समुदायातील कोणीतरी यादीतल्या घरी फोन करते. कबुलीजबाब हवा असेल, आजाऱ्यांचा तेलाभ्यंग संस्कार हवा असेल, तर तेव्हाच कळते आणि फादर स्वतः जातात. वास्कोवासी, पाहणाऱ्यांच्या आकड्यातून आपल्याला हे कधीच कळणार नाही. त्यासाठी वाड्यावर फिरावेच लागेल.

पणजीचा वकील

चर्चा उत्तम चालली आहे. मी फक्त कायद्याच्या आणि खासगीपणाच्या बाजूने थोडी भर घालतो.

गाण्यांबाबत: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे सादर करणे हे उल्लंघन ठरत नाही. पण यूट्यूबची स्वयंचलित तपासणी हा अपवाद ओळखत नाही, ती सूर जुळला की दावा लावते. त्यामुळे मिस्सेआधी वा नंतर विकतच्या सीडीवरील भक्तिगीते वाजवणे टाळा आणि आपल्याच गायकवृंदाचा आवाज जाऊ द्या. रेकॉर्डिंग कायम ठेवायचे नाही हे ठरले तर हाही प्रश्न बराच सौम्य होतो. चॅनेलवर कमाई सुरू केलेली नसली तरी यूट्यूब जाहिराती दाखवू शकते. म्हणून घरच्यांना प्रक्षेपण सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी जोडले जाण्यास सांगा, म्हणजे सुरुवातीची जाहिरात प्रवेशगीतावर येणार नाही.

चर्चच्या प्रत्येक दारावर, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत, मिस्सेचे प्रक्षेपण होत असल्याची पाटी असावी आणि कॅमेऱ्यात न येणारी बाके कोणती तेही त्यावर लिहावे. कम्युनियनची रांग दाखवू नये. त्या वेळी कॅमेरा क्रूसावर किंवा पवित्र मंजुषेवर (ख्रिस्तप्रसाद ठेवण्याच्या पेटीवर) स्थिर ठेवावा. पहिल्या कम्युनियनच्या मुलांचे चेहरे जवळून दाखवायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. मयताच्या बाबतीत कुटुंबातील एकाच व्यक्तीशी बोलून तीन गोष्टी आधी ठरवा: प्रक्षेपण हवे की नको, दुवा कोणाकोणाला द्यायचा आणि शवपेटी उघडी असताना कॅमेरा चालू ठेवायचा की नाही. दुःखात असलेल्या कुटुंबाला हे विचारणे अवघड जाते, म्हणून हे तीन प्रश्न मयताची वेळ ठरवायला येणाऱ्या नातेवाइकाला चर्चच्या कार्यालयातच शांतपणे विचारले जावेत आणि उत्तरे नोंदवहीत लिहून प्रक्षेपण करणाऱ्याच्या हाती द्यावीत.